खिडकी आधी, बोलणं नंतर

पत्र :

ताई, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. पुण्यात वाकडला चौदाव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. त्याला सांभाळायला दिवाळीनंतर सासू-सासरे कराडजवळच्या गावाहून आले आहेत. दोघं जीव लावतात, त्याबद्दल तक्रार नाही. परवा ऑफिसमधून व्हिडिओ कॉल केला, तर सासूबाईंनी त्याला हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसवलेलं. सरकती काच पूर्ण उघडी, बाहेर कबुतरं, आणि त्या स्वतः खिडकीला लागून असलेल्या दिवाणावर बसून एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने वरणभात भरवत होत्या. खिडकीला ग्रिल नाही, सोसायटी बाहेरून लावू देत नाही. माझे हातपाय गार पडले. मी फोनवरच ओरडले. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. सासरे म्हणतात, “आम्ही चार पोरं वाढवली, एकाला खरचटलं नाही.” वर मला डोंबिवलीत पडणाऱ्या मुलाला वाचवल्याचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाले, “देव तारी त्याला कोण मारी.” नवऱ्याच्या मते मी उगाच ताण घेते. माझी आई दिवाळीत आली होती तेव्हा असलं काही झालं नव्हतं. तिने बाल्कनीत बसायला खुर्ची ठेवली होती तेवढीच, ती अजून तिथे आहे. घरात कॅमेरा लावू का? पाळणाघरात घालू का? की यांना परत पाठवू? कुणाला न दुखावता हे सांगायचं तरी कसं?

– अस्वस्थ आई

उत्तर :

सांगायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर देते, पण जरा थांबून. आज घरी गेल्यावर पहिलं काम बोलण्याचं नाही, दिवाण हलवण्याचं आहे. त्याला घरमालकाची परवानगी लागत नाही, सोसायटीची लागत नाही, आणि त्यासाठी कुणाचा रुसवाही काढावा लागत नाही.

सव्वादोन वर्षांचं मूल साधारण पावणेतीन ते तीन फूट उंच असतं. हल्लीच्या इमारतींत खिडकीचा कट्टा बऱ्याचदा अडीच-तीन फुटांवर येतो. जमिनीवर उभा राहिला तर तुमच्या मुलाची हनुवटी जेमतेम तिथे पोचेल. तोच दीड फूट उंचीच्या दिवाणावर चढला की कट्टा त्याच्या मांडीशी आला. या वयात डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं. खाली काय आहे ते बघायला मूल वाकलं की तोल डोक्याकडून जातो, आणि मोठ्या माणसासारखं पाय रोवून मागे येणं त्याला जमत नाही. नवऱ्याला पटत नसेल तर वाद घालू नका. त्याच्या हातात टेप द्या आणि कट्टा, दिवाण, मुलगा अशी तीन मापं घ्यायला लावा. आकडे समोर आले की “उगाच ताण” हा शब्द तो बहुधा परत वापरणार नाही.

दिवाण झाला की बाकीचं घर बघा. बेडरूममधला पलंग खिडकीला लागून असेल तर तो दुसऱ्या भिंतीला न्या. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, पालथी बादली, रिकामा सिलिंडर, रद्दीचा गठ्ठा, यातलं काय काय कठड्याजवळ आहे? बाल्कनीत मोठ्या कुंड्या आहेत? एसीचं बाहेरचं युनिट कठड्याच्या आत बसवलंय का? मूल यातल्या कशावरही चढतं आणि जे हलकं असेल ते ढकलत हवं तिथे नेतं. प्लॅस्टिकची खुर्ची ढकलायला दोन वर्षांची ताकद पुरते.

आणि हो, तुमच्या आईची खुर्ची. पत्रात ती तुम्ही एका वाक्यात उरकलीत. उघड्या बाल्कनीत कठड्यापाशी पडून असलेली खुर्ची आणि कट्ट्यावर बसवलेला मुलगा यात मला जास्त धोका खुर्चीत वाटतो. कट्ट्यावर निदान सासूबाईंचा हात होता. खुर्चीपाशी कुणीच नसतं. ती आजच आत घ्या. आणखी एका कारणासाठीही घ्या. उद्या तुम्ही खिडकीचा विषय काढलात आणि सासूबाईंनी मान वळवून बाल्कनीकडे नुसतं पाहिलं, तर तुमच्याकडे उत्तर नसेल. नियम घराचा असायला हवा. तो माहेर-सासर बघून बदलला की त्याचं टोमण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

सासऱ्यांचा व्हिडिओ खोटा नाही. जानेवारी 2025 मध्ये डोंबिवलीत इमारतीवरून पडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाकडे खालून चाललेला एक तरुण धावला. पूर्ण झेलता आलं नाही, पण आपटणं कमी झालं आणि मूल वाचलं. देवानेच तारलं असं धरलं, तरी त्यासाठी त्या क्षणी खाली एक सावध माणूस असावा लागला. त्याच वर्षी जुलैत वसईजवळच्या नायगावला चार वर्षांची मुलगी बाराव्या मजल्यावरून पडून गेली. घराबाहेर निघताना तिला चपलांच्या कपाटावर बसवलं होतं आणि मागे खिडकी होती. आई तिथेच होती. त्या आईला बोल लावायला हे सांगत नाही. लक्ष असूनही हे घडतं, एवढंच तुमच्या घरातल्या तिन्ही मोठ्यांना कळायला हवं. लक्ष ठेवणाऱ्याला बेल वाजली की उठावं लागतं, कुकरची शिट्टी मोजावी लागते, दुपारी डुलकी लागते. खिडकीला यातलं काहीच नसतं, म्हणून बंदोबस्त तिचा करायचा.

तो कसा करायचा ते आता. तुमची खिडकी सरकती आहे, म्हणून सर्वांत लवकर होणारी गोष्ट म्हणजे ट्रॅकमध्ये स्टॉपर, काच ठरावीक जागेपलीकडे सरकू न देणारा अडसर. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा फॅब्रिकेटर तो लावून देतो. फट चार इंचांच्या आतच राहील अशा जागी लावून घ्या, आणि शक्यतो किल्लीने उघडणारा घ्या. सरकत्या खिडकीला दोन काचा असतात आणि ती दोन्ही बाजूंनी उघडते. लोक एका बाजूला स्टॉपर लावतात आणि निर्धास्त होतात, तसं करू नका. वारा थोडा कमी येईल, पंखा लावा.

कायमचा इलाज ग्रिल. सोसायट्यांची हरकत बहुतेक वेळा बाहेर काढलेल्या ग्रिलला असते, कारण इमारतीचा दर्शनी भाग बदलतो. आतल्या बाजूने, भिंतीच्या जाडीत बसणारी ग्रिल बाहेरून फारशी दिसत नाही. त्यासाठी लेखी अर्ज द्या, त्यात मुलाचं वय आणि मजला लिहा, आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की सेक्रेटरी तोंडीच नाही म्हणतात. लेखी अर्जावर कमिटीला विचार करावा लागतो. गज उभे हवेत. आडवे गज म्हणजे आपण हाताने लावून दिलेली शिडी. दोन गजांतलं अंतर चार इंचांपेक्षा कमी, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग जाऊ शकतं. हल्ली स्टीलच्या उभ्या तारांची इनव्हिजिबल ग्रिल मिळते. तिच्या तारा दोन-तीन इंचांवर असतात आणि सोसायट्याही तिला कमी नाक मुरडतात. मात्र तारांचा ताण सैल पडला की दोन तारा हाताने फाकतात. बसवणाऱ्याकडून तो अधूनमधून तपासून घ्यायचा.

डासांची जाळी म्हणजे ग्रिल नव्हे. मूल टेकलं की ती चौकटीसकट बाहेर जाते, आणि समोर काहीतरी आहे या समजुतीने आपण उलट जास्त बेफिकीर होतो. कबुतरांसाठी बांधलेल्या नायलॉनच्या जाळीचंही तेच. ती पक्षी अडवायला असते आणि उन्हाने विरत जाते. जुन्या इमारतींतल्या पेटीसारख्या बाहेर आलेल्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवतात आणि मुलांना खेळायलाही बसवतात. खालच्या पट्ट्या पावसाने किती गंजल्या आहेत हे वरून दिसत नाही. तुमच्याकडे ती नाही, ते बरंच.

ग्रिलचं एक उलटं अंग आहे. आग लागली तर तीच वाट अडवते. म्हणून ग्रिलचा एक भाग उघडणारा हवा. त्याला कुलूप, आणि किल्ली मुलाच्या हाताला न लागेल पण मोठ्यांना अंधारात सापडेल अशा ठरलेल्या खिळ्यावर. ती कुठे आहे हे सासऱ्यांनाही माहीत असू दे. त्यांनाच ती टांगायला सांगा, म्हणजे लक्षात राहील.

घरमालक काय म्हणेल, ही भीती पत्रात नाही पण असणार. न्यूयॉर्कमध्ये खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांचा प्रश्न इतका वाढला होता की तिथल्या आरोग्य खात्याने 1972 मध्ये ब्राँक्स भागात मोहीम सुरू केली. घरोघरी जाऊन आईबापांना समजावणं होतंच, पण सोबत खिडकीला लावायचे गार्ड फुकट दिले. मग 1976 मध्ये शहराने घरमालकांवरच ती जबाबदारी टाकली. तीन किंवा जास्त बिऱ्हाडांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर खिडक्यांना गार्ड मालकाने बसवायचे. तुमच्या मालकाला तो कायदा लागू नाही, पण विचारायला संकोच कशाला? “खर्च आम्ही करतो, जाताना ग्रिल तशीच सोडून जाऊ,” असा मेसेज करा. फुकटात ग्रिल मिळणाऱ्या मालकाने नाही म्हटलंच, तर भाडेकराराचे अकरा महिने संपल्यावर घर बदलायचं का, हा विचार मनात असू द्या. तोवर स्टॉपर आहेतच.

आता सासूबाई.

त्या बेफिकीर आहेत असं मला पत्रातून कुठेच वाटलं नाही. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत नातवाला भरवणं ही जगातली सर्वांत प्रेमळ गोष्ट आहे. फक्त ती अंगणातली आणि ओसरीवरची गोष्ट आहे. ओसरीवरून पोर पडलं तर दोन-अडीच फूट पडायचं, गुडघा फुटायचा, हळद दाबली की परत उंडारायला मोकळं. त्यांच्या हातांना जी सवय लागली ती त्या घरात लागली. चार पोरं वाढवली हे सासऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्याला खोडून काढायला जाऊ नका.

त्यांना उलट एक विचारा. गावच्या घरी आड, म्हणजे विहीर, होता का? परसात किंवा शेजारी कुणाकडे तरी असेलच. पोर रांगायला लागलं की काय करायचे? आडावर फळ्या टाकायचे, वर दगड ठेवायचे. उंबऱ्याला आडवी फळी लावायचे. दिवसभर आडापाशी बसून पोरावर लक्ष ठेवू, असं गावात कुणीच म्हणालं नाही, कारण माणसाला शेतात जायचं असतं, चूल असते, गुरं असतात. चौदाव्या मजल्यावरची उघडी खिडकी हा तुमच्या घरातला आड आहे. हे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल, कारण फळ्या त्यांनी स्वतः टाकल्या आहेत. शक्य असेल तर फॅब्रिकेटर येईल तेव्हा सासऱ्यांना घरी राहायला सांगा आणि कुठला गज कसा हवा ते त्यांना ठरवू द्या. गावाकडचा माणूस कारागिराकडून काम चोख करून घेतो.

हे बोलणं नवऱ्याने करायचं, त्याच्या आईशी, तुमचं नाव न घेता. “हिला भीती वाटते म्हणून” अशी सुरुवात झाली की ते सगळं सुनेचं खूळ ठरतं. “मला ही खिडकी धोक्याची वाटते,” असं त्याने म्हटलं तर मुलाच्या बापाचं मत होतं. तुमच्याकडे वेगळं काम आहे. ओरडलात त्याबद्दल सासूबाईंना एकटं गाठून सांगा, “आई, त्या दिवशी मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. घाबरले होते.” माफी आवाजाची. खिडकीबद्दल जे म्हणालात ते मागे घेऊ नका, आणि त्या वेळी ते पुन्हा उगाळूही नका.

एक व्यवहाराची गोष्ट. पुन्हा कधी फोनवर असं दृश्य दिसलंच, तर ओरडायचं नाही. दचकलेला हात सुटू शकतो आणि आईचा आवाज ऐकून मूल झटकन वळतं. नेहमीच्या आवाजात “आई, त्याला जरा आत घ्या, मला त्याच्याशी बोलायचंय” म्हणा. तो जमिनीवर आला की मग काय ते बोला.

कट्टा मुळात का नको, हे सासूबाईंना एकदा नीट सांगायला हवं, आणि ते फक्त हात सुटण्यापुरतं नाही. रोज जिथे भात मिळतो, कबुतरं दिसतात, आजीचं कौतुक मिळतं, ती जागा मुलाच्या लेखी त्याची बैठक होते. आज त्याला तिथे आजी बसवते. महिन्याभरात तो आपला आपण जाऊन बसेल, आणि तेव्हा आजी देवघरात असेल. म्हणून भरवण्याची जागा बदला. हॉलमध्ये खाली पाट मांडून आजी-नातू समोरासमोर बसले तर गुडघ्यांचं काय, हे विचारून घ्या. दुखत असतील तर मुलाला कमरपट्ट्याची छोटी खुर्ची आणि आजीला नेहमीची, दोन्ही खिडकीपासून लांब. काऊ-चिऊ संध्याकाळी खाली बागेत दाखवायचे. तिथे सासऱ्यांनाही चार समवयस्क भेटतील. चौदाव्या मजल्यावर दिवसभर कोंडून बसायला ते गावाहून आलेले नाहीत, हेही जरा पाहा.

आता एक सवय, जी जवळजवळ प्रत्येक उंच इमारतीत दिसते आणि मला सर्वांत जास्त खुपते. सकाळी आई-बाबा खाली गेले की आजोबा नातवाला कडेवर घेऊन बाल्कनीतून टाटा करायला लावतात. संध्याकाळी “ती बघ आईची गाडी आली” म्हणून परत खिडकीत. यातून मूल काय शिकतं? आई दिसेनाशी झाली की ती कठड्यापलीकडे शोधायची. कुणी दूध आणायला खाली गेलं, कुणी न्हाणीघरात गेलं, आणि झोपलेलं मूल उठलं की ते सरळ तिकडे जातं. टाटा दारात करायचा, लिफ्टपाशी. तुम्ही स्वतः खालून हात हलवणं बंद करा, म्हणजे वरचंही बंद होईल. झोपलेल्या मुलाला कुलूप लावून “दोन मिनिटांत येतो” म्हणून कुणीही खाली जायचं नाही, हेही चौघांनी मिळून ठरवा. आणि दार उघडं राहिलं तर तो जिन्यात जाईल. तिथल्या खिडक्या आणि जिन्याच्या कठड्यातल्या फटी एकदा बघून घ्या. त्या तुमच्या नसल्या तरी सोसायटीच्या आहेत, त्याच अर्जात लिहा.

घरात एकटी आजी असते तेव्हा मूल असुरक्षित, असं तुम्हाला वाटतं. मला तर रविवारची जास्त काळजी वाटते. पाहुणे आलेत, चहा चाललाय, चार मोठी माणसं हॉलमध्ये आहेत, आणि मूल “त्यांच्याकडे” आहे. त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे? प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याकडे. यावर उपाय साधा आहे, थोडा नाटकी वाटेल. मूल सोपवताना नाव घेऊन म्हणायचं, “बाबा, हा आता तुमच्याकडे,” आणि समोरच्याने “हो, माझ्याकडे” म्हणायचं. उत्तर आलं नाही तर मूल अजून तुमच्याकडेच आहे. संक्रांतीला गच्चीवर पतंगाला जाल तेव्हा हे विसरू नका. तिथे सगळ्यांच्या माना वर असतात, पतंग उडवणारं पोर मागे मागे सरकत जातं, आणि कठड्यापाशी बघणारं कुणी नसतं. दिवाळीत आकाशकंदील टांगायला स्टूल खिडकीशी येतं आणि पुढचे पंधरा दिवस तिथेच राहतं.

मूल कुठूनही उंचावरून पडलंच, तर काय करायचं तेही घरातल्या चौघांना माहीत हवं. उचलून हलवायचं नाही, तोंडात पाणी घालायचं नाही. शुद्ध नसेल किंवा मान-पाठीला मार वाटत असेल तर जागचं न हलवता 108 ला फोन करायचा. पलंगावरून पडल्यासारखी साधी गोष्ट वाटली, तरी नंतर उलट्या झाल्या, मूल गुंगीत जायला लागलं किंवा रडणं थांबेना, तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा. 108 आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळ लावा. सासऱ्यांच्या मोबाईलमध्ये तो आहे, पण घाईत चष्मा सापडत नाही.

कॅमेऱ्याचं विचारलंत. लावू नका, निदान आत्ता नाही. आधीच मोजकं बोलणाऱ्या सासूबाईंवर दिवसभर काचेचा डोळा रोखलात तर उरलेलं बोलणंही जाईल. आणि चौदाव्या मजल्यावर जे काही घडतं ते घडून गेल्यावरच कॅमेऱ्यातून दिसतं. तेवढ्या पैशात दोन खिडक्यांचे स्टॉपर होतील.

पाळणाघराला माझा विरोध नाही, पण तो निर्णय खिडकीच्या रागातून घेऊ नका. पाळणाघरंही इमारतींत असतात. गेलातच बघायला, तर मजला कितवा, खिडक्यांना ग्रिल कशी, जिन्याला दार आहे का, हे खेळणी मोजायच्या आधी बघा. सासू-सासऱ्यांना परत पाठवलंत तर खिडकी तशीच राहील आणि तिच्यासमोर नवं माणूस येईल, ज्याला तुमच्या मुलाची सवय नाही. तुमच्या घरी दोन माणसं गाव सोडून त्याच्यासाठी आली आहेत. त्यांना राहू द्या. शनिवारी फॅब्रिकेटर बोलवा, आणि तो येईपर्यंत हॉलची काच बंद करून तिचं हँडल घट्ट बांधून ठेवा.